खाडीवर गेलेला बाप

करावे गावच्या मासळी बाजारात मैना कोळणीशी भाव करायची हिंमत फार थोड्यांत होती. त्या थोड्यांतल्या एक म्हणजे मेजरबाई. नाव वैजयंती, वय अडुसष्ट, सीवूड्सच्या टॉवरमध्ये एकट्या राहायच्या. सैन्याच्या इस्पितळांत तीस वर्षं नर्सचं काम करून मेजर म्हणून रिटायर झालेल्या. मैनाचा मुलगा निकेश फौजेत लागला तेव्हापासून त्यांचं भांडण जरा मायेचं झालं होतं, पण भांडण होतंच.

त्या बुधवारी मात्र मेजरबाईंनी बोंबलांचा भाव विचारलाच नाही.

"तुळशीराम कसा आहे?"

"हाय. उद्या सकाली आठला बायपास." मैनानं कोयत्यावर एक पापलेट असं कापलं, की त्या बिचाऱ्यानंच काही गुन्हा केला असावा. "सून बसलीय दवाखान्यात. मी घरी बसून काय करू? येड लागंल मना."

"आणि निकेश? तो काय म्हणाला?"

"त्याला कुठं सांगितलंय!"

मेजरबाई बघतच राहिल्या. शनिवारी मैनाच्या नवऱ्याच्या, तुळशीरामच्या छातीत कळ आली, वाशीच्या दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी तीन नळ्या बंद म्हणून सांगितलं, आणि पाच दिवस झाले तरी पोटच्या पोराला पत्ता नाही?

"आमच्यात सांगत नाय," मैना म्हणाली. "दर्यावर गेलेल्याला घरचं रडगानं कलवायचं नाय. त्याचा हात थरथरला तर बोट कोन सांभालनार? माझी सासू वारली तेव्हा तुळशीराम खोल दर्यात होता. आठ दिवसांनी बंदराला लागला तेव्हा सांगितलं. पोऱ्या तर तिकडं बर्फात, हातात बंदूक. त्याला कसं सांगू?"

आता हे काही मैनानं मनानं काढलेलं नव्हतं. तिच्या घरात चार पिढ्या हेच चाललं होतं. पुरुष पाण्यावर असला की बायकांनी रडायचं नाही, भांडायचं नाही, देवाला नारळ ठेवायचा आणि तोंड शिवून बसायचं. म्हणून पाच दिवस तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. कल्पेश, निकेशचा लहानपणापासूनचा दोस्त, त्यालाही तिनं एकवीरेची शपथ घातली होती.

"मग तो बापाला फोन मागत नाही का?"

"मागतो ना. रविवारी सांगितलं, खाडीवर गेलाय. सोमवारी सांगितलं, झोपलाय. काल सांगितलं, तुर्भ्याला हळदीला गेलाय."

"हळदीला?" मेजरबाईंनी पिशवी खाली ठेवली. "अगं मैना, पितृपक्ष चालू आहे. पितृपक्षात कोण हळद लावतं?"

मैनाचा कोयत्यावरचा हात थांबला. तिनं जीभ चावली. अग्गो बाय! खोटं बोलायचं तर धड तरी बोलावं!

"त्यावर काय म्हणाला तो?"

"काय नाय. 'बरं' बोलला आनि फोन ठेवला. आज फोन नाय आला."

मेजरबाई तिच्या पाटाशेजारी उकिडव्या बसल्या. गुडघे कुरकुरले, त्यांनी गुडघ्यांनाही एक शिवी दिली.

"ऐक. वॉर्डात आम्ही पोरांना घरची पत्रं वाचून दाखवायचो. कुणाला यायचं, म्हैस मेली, बाप अंथरुणाला खिळलाय. तो पोरगा रडायचा, देवाला शिव्या घालायचा आणि झोपी जायचा. आणि ज्याला यायचं ना, 'इकडे सर्व कुशल, तू काळजी करू नकोस', तो रात्रभर छताकडे बघत पडायचा. बर्फात हात कशानं थरथरतो, ते मला विचार."

"तुमचा पोऱ्या नाय सीमेवर!" मैना उसळली. "तुमाला बोलायला काय जातंय?"

"नाही. माझे सगळे दुसऱ्यांचेच होते," मेजरबाई म्हणाल्या. "उद्या तुळशीरामचं काही बरंवाईट झालं, तर बापाशी शेवटचं बोलणं तू त्याच्याकडून काढून घेतलेलं असेल. ते परत देता येणार आहे का तुला?"

मैनाला त्यांचा संताप आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसाच. तिनं मासळीवर ओलं फडकं टाकलं, शेजारणीला "बघ गो जरा" म्हणाली आणि उठली.

दोघी रिक्षानं वाशीला पोहोचल्या. दवाखान्यात रुतिका, निकेशची बायको, सासऱ्याच्या उशाशी बसली होती. सासू काय करायला आलीय हे कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "आई, बरं झालं. आता माझ्यानं खोटं बोलवत नव्हतं." तिच्याकडे युनिटचा नंबर होता. मेजरबाईंनी फोन लावला आणि अशा आवाजात बोलल्या की बाजूच्या खाटेवरचा पेशंटही उठून बसला. "मेजर वैजयंती बोल रही हूँ, रिटायर्ड. आपके जवान के पिता का कल ऑपरेशन है."

तासाभरानं निकेशचा व्हिडिओ कॉल आला. मैनानं फोन हातात घेतला.

पोराच्या डोक्यावर केस नव्हते. गुळगुळीत मुंडण. मिशीही काढलेली.

"निकेश! हे काय रं केलंस?"

"आई, आता लपवू नको," तो म्हणाला. आवाज पार बसलेला. "मला कळलंय. आजी गेली तेव्हा बाबांना पण असंच सांगितलं होतं ना? कल्पेशला विचारलं तर तो नुसता रडायला लागला. रस्ता बंद आहे, खाली उतरायला जमेना. मग काल इथंच डोकं केलं आणि पाणी सोडलं. साहेबांचा निरोप आत्ता मिळाला, मी वर पोस्टवर होतो. पण ते ऑपरेशन म्हणतायत. कोणाचं ऑपरेशन, आई?"

जे पोराला कळू नये म्हणून मैनानं पाच दिवस दातावर दात दाबून काढले, त्याहून भयंकर ते पोरगं एकटं भोगून बसलं होतं. जित्या बापाचं सुतक! तिनं फोन नुसता तुळशीरामपुढे धरला.

तुळशीरामनं डोळे किलकिले केले. आधी बायकोकडे पाहिलं, मग पोराच्या टकलाकडे.

"कोनाचं सुतक धरलंस रं, बाला?"

निकेश ओरडला, "बाबा!" आणि लहान पोरासारखा हमसून रडायला लागला. त्याच्या मागून दोन-तीन जवानांची डोकी डोकावली. कुणीतरी "जिंदा है! अरे इसका बाप जिंदा है!" म्हणून टाळ्या पिटल्या.

"मेल्याची आवई उठली का मानसाचं आयुष्य वाढतं," तुळशीराम धापा टाकत हसला. "डॉक्टरला सांगा, आता घाबरू नको म्हनावं."

आणि मैना रडली. पोरगा समोर असताना, पोरगा सीमेवर असताना, ढसाढसा रडली. रुतिका तिला धरायला गेली तर मेजरबाईंनी मानेनंच नको म्हटलं.

"आई, साहेबांनी रजा दिलीय," निकेश नाक पुसत म्हणाला. "रस्ता मोकळा झाला की निघतो. पण चार दिवस तरी लागतील. सकाळी नाही पोहोचणार मी."

"माहीत हाय, बाला."

"आठला मी फोन घेऊन बसतो. काय होईल ते होईल, आई, पण मला तू सांगायचं. चांगलं असो, वाईट असो."

मैनानं पदरानं तोंड पुसलं. चार पिढ्यांत कुणी न दिलेला शब्द तिला द्यायचा होता.

"सांगीन," ती म्हणाली. "पयला तुलाच सांगीन."