रुमालाखालचा हात

भागूकाकीच्या काळ्या वावरात दरसाल चांदणं सांडावं तसा कापूस फुटे, त्याला सोन्याचा भाव येई, अन् तिच्या ओटीत मात्र चिल्लर पडे. कापूस अकोल्याला नेऊन विकायचा पुतण्या पुंजाराम. सौदा रुमालाखाली बोटं धरून व्हायचा, जितकी बोटं तितका भाव, म्हणून भाव ठाऊक फक्त त्या दोन हातांना. घरी येऊन तो सांगायचा, "तीनच बोटं भेटली, काकी."

यंदा काकी स्वतःच गाडीतल्या कापसावर चढून बसली. बाजारात व्यापारी जैनुद्दीनभाईंनी रुमाल पसरताच तिनं पुंजारामाच्या आधी हात आत घातला.

"काकी, हे बायामाणसाचं काम नोहे!"

"कावून रे? वावर माहं, कापूस माहा, मंग हातच कावून परका?"

भाईंनी तिचा अख्खा पंजा धरला.

"पाच?" काकी मोठ्यानं बोलून गेली. गुपित फुटलं, सारा बाजार हसला.

"मागच्या सालीबी पाचच धरली होती, मावशी," भाईही हसत म्हणाले.

पुंजाराम बैलांच्या शेपट्या निरखू लागला.

"चाल पुंज्या, जिलबी खाऊ घाल मले," काकी म्हणाली. "खाता खाता सांगजो, मागची दोन बोटं कवा देतं थे. पुढच्या साली तू गाडी हाक, सौदा मी करीन."