पाहुआ बसमध्ये राहिली होती

आखातातल्या सालमियात आमच्या बालवाडीत संस्कृती सप्ताह म्हणजे शिक्षिकांचा घसा बसवायचा हमखास मार्ग. प्रत्येक वर्गाने एक देश घ्यायचा, चित्रांचं पुस्तक वाचायचं, झेंडा रंगवायचा. मी आग्नेय आशियातल्या डोंगरांतले हमोंग लोक घेतले. त्यांना स्वतःचा देशच नाही, तेव्हा झेंडा कुठून आणू, हे सुपरवायझर आनंदी मॅडमना समजावता समजावता मी अर्धी झाले.

हमोंग घेतले ते वर्गातल्या पाहुआसाठी. तिचे आईवडील हमोंग, अमेरिकेतून नोकरीसाठी इथे जवळच महबूलाला आलेले. महिन्यापूर्वी पाहुआ शाळेच्या बसमध्ये झोपली आणि तशीच आत राहिली. लवकर सापडली, अंगाला काही झालं नाही. पण तेव्हापासून शाळेत तिने तोंड उघडलं नव्हतं. या गुरुवारपर्यंत बोलली नाही तर दुसरी शाळा बघा, असं मॅडम तिच्या आईला सांगणार होत्या. आणि आज गुरुवार होता. मी इतकी दमले होते की मॅडमवर रागवायचंसुद्धा जिवावर येत होतं.

पुस्तकात एक मुलगी घाबरून आजारी पडते. हमोंग लोक मानतात की माणूस दचकला की त्याचा जीव कधीकधी तिथेच मागे राहतो. मग आजी अंडं आणि तांदूळ घेऊन दारात उभी राहते आणि त्याला हाका मारते. मी पानं उलटत होते तशी पाहुआ सरकत सरकत माझ्या गुडघ्याशी आली. बोलली मात्र नाही. फिजाने विचारलं, पाहुआचा जीव बसमध्ये राहिलाय का? मी म्हटलं, पुस्तकं ठेवा, दप्तरं घ्या.

शाळा सुटल्यावर अख्खा वर्ग बसच्या दारासमोर अडून राहिला. फिजाच्या हातात डब्यातलं उकडलेलं अंडं. सगळी एकदम ओरडायला लागली, पाहुआ, कम होम. ड्रायव्हर तौफीकभाईंनी कपाळाला हात लावला. पाहुआ बसच्या पायरीवर उभी. मग तिने माझी ओढणी ओढली आणि बसच्या आत बोट दाखवलं. मीच हाक मारायची होती.

उन्हाने डोकं तापलेलं, घसा गेलेला. इंग्रजी सुचेना. दापोलीला माझी आई मारायची तशीच मग मी हाक मारली.

"ये गो बाय. भिव नको. घरा ये."

म्हणता म्हणता मलाच रडू आलं. आई गेल्यापासून मला कुणी असं बोलावलं नव्हतं.

पाहुआ पायरीवर एका बाजूला सरकली, कुणाला उतरायला वाट द्यावी तशी.

आनंदी मॅडम तरातरा आल्या. लुबना, बस अजून का उभी आहे, कुणाची वाट बघताय, असं मला विचारत राहिल्या. मी ओढणीने डोळे पुसत होते.

"थांबा ना, मिस," पाहुआ म्हणाली. "पाहुआ उतरतेय अजून."