म्हाताऱ्याचा चावा

ताईचा आवाज गेला, हे आधी भावजींनी ठरवलं, मग त्यांच्या बँडमधल्या लंबूने, आणि शेवटी खुद्द ताईने. गोष्ट खोटी असली की माना डोलवायला माणसं कमी पडत नाहीत. शनिवारी हॉलमध्ये कार्यक्रम होता. "या वेळी तू नुसती गिटार वाजव, गायला दुसरी कुणी बघू," असं भावजी जेवता जेवता म्हणाले, मीठ मागावं तसं. ताईने मला फोन केला. "वय झालं गं. आवाज पुढे पोचतच नाही."

मी रेडिओ, टेप, अॅम्प्लिफायर दुरुस्त करते. आवाजाचं वय मला मोजता येत नाही, पण ताई मला माहीत आहे. ती भांडी घासताना गाते तेव्हा वरच्या मजल्यावरचे खिडकी उघडतात. म्हणून तालमीला जाऊन बसले.

तालीम भावजींच्या घराखालच्या गॅरेजमध्ये चालते. कोपऱ्यात म्हातारा. म्हातारा म्हणजे भावजींच्या वडिलांचा गिटारचा अॅम्प्लिफायर, काचेच्या व्हॉल्व्हचा, पुढचं कापड विटलेलं. आवाज मात्र असा की थेट पोटात जाऊन बसावा.

लंबूने प्लग लावला. बोट ओलं केलं, एका हाताने गिटारच्या तारा धरल्या आणि ओलं बोट माईकच्या जाळीला लावलं.

"चावतोय."

प्लग काढून उलटा लावला. पुन्हा बोट.

"आता कमी चावतोय."

झालं, सगळे निवांत. ताईने मुकाट्याने रबरी चपला घातल्या, गिटार गळ्यात अडकवली आणि माईकसमोर उभी राहिली. समोर म्हणजे वीतभर लांब, मान मागे खेचून, उतू जाणाऱ्या दुधापुढे उभं राहावं तशी.

"ताई, पुढे हो की."

"नको बाई. ओठांना झटका बसतो."

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"त्यात सांगायचं काय?" भावजी ड्रममागून म्हणाले. "म्हातारा पहिल्यापासून असाच आहे. चपला घालायच्या आणि गायचं."

भावजी लाकडी स्टुलावर बसतात, हातात लाकडी काठ्या. त्यांना म्हातारा कशाला चावेल? दुसऱ्याच्या ओठांवर शूर व्हायला काय जातं.

मी मीटर काढला. एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं माईकच्या जाळीला. काटा शंभर व्होल्टच्या पुढे गेला.

"भावजी, चपला पायात आहेत. करंट हातातून शिरतो आणि ओठांतून जातो. पायांचा काय संबंध?"

लंबूने आपलं ओलं बोट पँटला पुसलं.

म्हाताऱ्याला अर्थिंगच नव्हतं. दोन पिनांची वायर, आणि आत एक जुना कपॅसिटर, विजेच्या लाइनपासून थेट पत्र्याच्या सांगाड्याला जोडलेला. गुणगुण कमी व्हावी म्हणून तेव्हा बसवायचे तसला. त्याच सांगाड्याला गिटारच्या तारा येऊन मिळतात. आज तो कपॅसिटर नुसता झिरपत होता. ज्या दिवशी पुरता बसला असता, त्या दिवशी अख्खी लाइन ताईच्या तोंडात.

मी पाना उचलला तसे भावजी उठले. "हात लावू नकोस. वायर बदलली की आवाज बदलतो, सगळे जाणकार सांगतात."

"मग जाणकारांनाच गायला उभं करा."

"अगं, माझ्या बाबांची वस्तू आहे ती."

"आणि ही माझ्या बाबांची मुलगी."

ताई फसकन हसली. मग भावजींकडे न बघता म्हणाली, "उघड गं तू."

प्लग काढला तरी असल्या पेट्या मारतात, म्हणून आत साठलेला करंट आधी उतरवला. कपॅसिटर कापून फेकला. तीन पिनांची वायर घातली, हिरवी तार सांगाड्याला स्क्रूने आवळली. भिंतीतल्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे ना तेही तपासलं, कारण लोक भोकं तीन दिसली की समाधानी होतात. मग म्हातारा चालू करून पुन्हा मीटर लावला. काटा शून्यावर पडून राहिला, दुपारच्या कुत्र्यासारखा.

ताईने तार छेडली. भावजी डोळे मिटून खोट शोधत राहिले. बराच वेळ शोधली.

"तोच आहे," पुटपुटले.

"आता पुढे हो, ताई."

ती पुढे झाली, आणि जाळी जवळ येताच मान आपोआप मागे गेली. तिचा मीटरवर विश्वास होता, तिच्या ओठांचा नव्हता. मग मी तिच्या गळ्यातल्या गिटारच्या तारा मुठीत धरल्या आणि जाळीला ओठ टेकवून म्हटलं, "ही माझी बहीण. हिचा आवाज बसला म्हणे."

ताईने मला कोपराने बाजूला सारलं आणि गायला लागली. ओठ जाळीला टेकलेले. गॅरेजचं शटर थरथरलं. लंबू वाजवायचं विसरला, भावजींच्या काठ्या वरच्या वर राहिल्या.

गाणं संपलं. भावजी घसा खाकरून म्हणाले, "शनिवारी तूच गा मग."

"असं सांगू नका," ताई म्हणाली. "विचारा."

भावजी स्टुलावरून उठले, ड्रमला वळसा घालून तिच्यापुढे आले आणि नीट विचारलं. ताईने ऐकून घेतलं, आधी अजून एक गाणं म्हटलं, सावकाश, सगळ्या कडव्यांसकट, आणि मग हो म्हणाली.