डावखुऱ्यांचा एकुलता एक ग्लोव्ह

बाळाजी सरांमुळे वाटोळं झालं. नाव आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी मध्येच 'नशीब', 'योग' असले मोठ्या माणसांचे लाडके शब्द घुसडायला नको. बाळाजी सर म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या बेसबॉल टीमचे कोच, सेक्रेटरी आणि निवड समिती. तिन्ही तेच. दोन नंबरचा दोषी मी.

मी एक बेसबॉलचा ग्लोव्ह बोलतोय. रंग तपकिरी, एका बोटाची शिवण उसवलेली, अंगाला सुकटीचा वास. हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्या हाताने बॉल टाकायचा तो हात मोकळा, आणि ग्लोव्ह दुसऱ्या हातात. जग उजव्या हाताने टाकतं, म्हणून जगाचे ग्लोव्ह डाव्या हातात बसतात. मी उजव्या हातात बसतो. म्हणजे जन्मापासून उलटा.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यातला. तिथून दहा ग्लोव्हांची पेटी रेवसजवळच्या खाडीकाठच्या शाळेत आली. नऊ सरळ, दहावा मी. बाळाजी सर तेव्हा शाळेत पी.टी. शिकवायचे. त्यांनी मला घालून पाहिलं, तर त्यांचा अंगठा माझ्या करंगळीत अडकला.

"शिवणारा झोपला होता काय रे?" सर म्हणाले, आणि त्यांनी दुकानदाराला फोन लावला.

"सर, डावखुऱ्याचा आहे तो. राहू द्या, मिळेल एखादा पोरगा," दुकानदार म्हणाला.

त्याने वेळ मारून नेली होती. सरांनी ते वाक्य आयुष्याचं ध्येय करून टाकलं.

पोरगा मिळेपर्यंत मी दोन वर्षं कपाटात होतो. अंगावर बुरशी चढली, पोटात झुरळाने अंडी घातली. शाळेत दोन वर्षं काढून एक अक्षर न शिकलेला मी काही एकटाच नसेन.

आमच्या भागात डावखुरी पोरं जन्मतात, पण घरची मोठी माणसं त्यांना फार दिवस डावखुरी राहू देत नाहीत. डाव्या हाताने घास उचलला की मनगटावर पळी. डाव्या हाताने पेन्सिल धरली की बोटांवर पट्टी. पोर सुधारलं, असं हेच लोक नंतर शेजारणीला सांगतात. त्यामुळे सरांनी एक युक्ती काढली. खिशात लिंबू ठेवायचं आणि पोर बेसावध असलं की त्याच्या तोंडावर फेकायचं. शिकवलेला हात दचकल्यावर विसरतो. जो खरा हात, तोच वर येतो.

अशा लिंबाने संघर्ष नावाचा पोरगा सापडला. तो लिहायचा उजव्या हाताने, कारण त्याचे आजोबा कृष्णाजी गुरुजी होते आणि त्यांनी चाळीस वर्षं पोरांना सरळ केलं होतं. नातू तरी कसा सुटेल? पण लिंबू त्याने डाव्या हातात झेललं.

दुसरा पोरगा अल्पेश, त्याला लिंबू मारावंच लागलं नाही. त्याच्या आईने, ठमीबाईने, अंगणात सुकट वाळत घातली होती आणि हा ओट्यावर बसून कावळे हाकत होता. डाव्या हाताने खडा मारायचा, तो कावळा बसलेल्या काठीवर, नेमका त्याच्या पायाशी. कावळा उडायचा, लागायचं नाही. लहानपणी त्याच्या आजीने जेवताना त्याचा डावा हात लुगड्याच्या चिंधीने वर्षभर बांधून ठेवला होता. जेवण उजव्या हाताने सुरू झालं. खडे काही सुधारले नाहीत.

"कितवीला रे तू?" सरांनी विचारलं.

"बारावी करून सोडली, सर."

"बरं केलंस. सकाळी ग्राउंडवर ये."

एवढं मोकळं उत्तर त्या पोराला कुठल्याही मोठ्या माणसाने दिलं नव्हतं. तो आला. मला त्याने पहिल्यांदा घातलं तेव्हा आतली वाळलेली बुरशी त्याच्या घामाने भिजली. मला वाटलं, बस, आपला जन्म याच्यासाठी. मी असा पटकन विरघळणारा आहे.

आता ग्राउंडचं सांगितलं पाहिजे, कारण सगळा घोळ तिथे आहे. आमच्या ग्राउंडवर बॅट घेऊन उभं राहिलं की उजव्या हाताला खाडी. भरतीचं पाणी पार रेषेपर्यंत यायचं. डाव्या हाताला मात्र कापणी झालेली भातशेती, नजर पोचणार नाही इतकी लांब. डावखुरा बॅटर जोर लावून मारतो ते उजवीकडे, म्हणजे बॉल थेट तिवरांच्या चिखलात. एकदा सर स्वतः पॅन्ट वर करून बॉल काढायला उतरले आणि कालवाच्या शिंपीवर त्यांचा पाय फाटला. सहा टाके. त्या दिवशी लंगडत परत येताना त्यांना सिद्धान्त सुचला.

डावखुऱ्या पिचरचा, म्हणजे टाकणाऱ्याचा, बॉल डावखुऱ्या बॅटरला नीट दिसत नाही, हे खरं आहे. आसपासच्या क्लबांत तीन डावखुरे बॅटर होते. आमचे डावखुरे टाकायला लागले, तसे ते तिघे गप्प झाले. बॉल खाडीत जाईनात. उजव्या बॅटरांना आमच्या पोरांचा बॉल ताटात वाढल्यासारखा दिसायचा, पण ते मारणार डावीकडे, त्या अफाट शेतात, आणि तिथे आमची तीन पोरं झेलायला उभी. आम्ही लागोपाठ अकरा मॅच जिंकलो.

"डावरा तो डावरा," सर सांगत सुटले. "उजवे कितीही ठेवा."

जिंकत होती खाडी. श्रेय घेत होते सर. आणि फुगत होतो मी. टीममध्ये दोन डावखुरे पिचर आणि त्यांच्यात मी एकटा. अल्पेशची पाळी संपली की संघर्षच्या हातात, संघर्षची संपली की अल्पेशच्या. दोघांचा घाम, दोघांचं लक मीच. बाकीचे नऊ ग्लोव्ह पिशवीत एकमेकांवर पडायचे, मला सर वेगळ्या रुमालात गुंडाळायचे. देवघरातल्या नारळाला असतो तेवढा माज मला होता, आणि अक्कलही तेवढीच.

सुजित नावाचा एक उजवा पिचर टीममध्ये होता. चांगला होता. फार चांगला होता. त्याला सर पाण्याच्या बाटल्या भरायला पाठवायचे.

मग राज्य स्पर्धा आली. घाटावरच्या एका शहरात, तीन दिवस, हरला तो बाहेर. फक्त सेमीफायनलला हरलेल्या दोन टीमना तिसऱ्या नंबरासाठी एक मॅच. पहिल्या तीनांत आलं की दाखला, आणि दाखला असला की पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर फॉर्म भरता येतो. अल्पेशचं सगळं त्या कागदावर होतं. त्याचा बाप धर्मा डंपर चालवतो. वर्षभर तो म्हणत होता, "बॉल टाकून पोट भरतंय व्हय?" जागांचं कळल्यावर तोच माणूस नाक्यावर सांगायला लागला, "आमचा पोरगा लहानपनापासून खेलात हाय. मीच लावला." आजी वारली होती म्हणून वाचली, नाहीतर तिनेही चिंधीचं श्रेय घेतलं असतं.

तिथल्या ग्राउंडवर पाय ठेवल्या ठेवल्या प्रज्ञाने चूक पकडली. प्रज्ञा म्हणजे संघर्षची मोठी बहीण, आमची स्कोअरर. तिने ग्राउंड चालून पाहिलं आणि वही घेऊन सरांकडे आली.

"सर, इथे उलटं आहे. डावीकडे भिंत आहे, अगदी जवळ. उजवे बॅटर आपल्या पोरांना सरळ भिंतीपलीकडे मारतील."

"मग?"

"मग सुजितला टाकू द्या."

सर हसले. मोठी माणसं उत्तर नसलं की हसतात. "प्रज्ञा, तू आकडे लिही. टीम मी लिहितो."

मी रुमालात बसून खूश झालो. सुजित टाकणार नाही म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर मीच. हे कबूल करायला लाज वाटते, पण माझ्या पोटात मेंदू नाही, कापूस आहे.

पहिली मॅच अल्पेशने टाकली. समोरच्या टीममध्ये पाच डावखुरे बॅटर निघाले, आम्ही नऊ-आठने कसेबसे जिंकलो. हरलो असतो तर परवडलं असतं. सरांचा सिद्धान्त पक्का झाला.

दुसऱ्या दिवशी सेमीफायनल. समोरचा कोच मूर्ख नव्हता. त्याने होते नव्हते तेवढे उजवे बॅटर उतरवले. संघर्ष टाकत होता आणि बॉल भिंतीपलीकडच्या सायकल स्टँडवर पडत होते. चौदा-तीन. संघर्ष परत आला तेव्हा माझ्यात त्याची मूठ इतकी आवळलेली होती की मला घडी पडली. ती अजून आहे.

"योगायोग आहे," सर म्हणाले.

तिसरा दिवस. तिसऱ्या नंबराची मॅच. एका दिवसाच्या विश्रांतीवर पुन्हा अल्पेश. सकाळी बूट बांधता बांधता तो सरांना म्हणाला,

"सर, हात भरलाय. सुजितला टाकू द्या ना आज. मी मागे फील्डिंगला ऱ्हातो."

बाजूला सुजित बॉल टाकून अंग मोकळं करत होता. कॅचरच्या ग्लोव्हमध्ये नुसता फटाफट आवाज. सरांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"दाखला तुला पाहिजे की सुजितला?"

"पाहिजे सगळ्यांनाच हाय, सर."

"मग टाक. तुझ्या बापाने फोन केला होता मला. काय सांगू त्याला? पोरगा बाटल्या भरत होता?"

अल्पेशने बुटाची गाठ मारली. त्याने मला उचललं. मी तेव्हा आखडायचं ठरवलं असतं, एखादी वादी तोडून घेतली असती, तर मॅच थांबली असती. मी काय केलं? त्याच्या हातात मऊसूत बसलो. आपण किती निष्ठावान, असं मनात म्हणत.

पाच इनिंग त्याने रेटल्या. आम्ही सहा-चारने पुढे. सहाव्या इनिंगच्या दुसऱ्या बॉलला त्याच्या कोपरात काहीतरी 'टक्' झालं. बाहेर कुणाला ऐकू आलं नाही. त्याने मला तोंडावर धरलं. पिचर खुणा सांगताना ओठ दिसू नयेत म्हणून असा ग्लोव्ह तोंडावर धरतो, त्यामुळे लोकांना वाटलं, कॅचरशी काहीतरी ठरतंय. सर तर ओरडले, "शाबास! डोकं वापर!"

तो माझ्यात ओरडत होता. "आये... आये गं..." दातांनी त्याने माझं कातडं धरलं होतं. करंगळीची शिवण तेव्हा उसवली. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्यात आलेली सगळ्यात जड गोष्ट ती. झेलली, पण कुणाला दाखवता आली नाही.

त्यानंतर त्याने आणखी चार बॉल टाकले. चौथा भिंतीपलीकडे गेला. बेसवर दोघं होते, तीन रन एका फटक्यात. सात-सहा, आम्ही मागे.

मग सरांनी सुजितला बोलावलं. त्याने उरलेल्या इनिंग टाकल्या. एकालाही बॅट नीट लावता आली नाही. पण आमचीही बॅट चालली नाही. मॅच सात-सहालाच संपली. प्रज्ञाने वही मिटली आणि सरांच्या मांडीवर ठेवली. "आकडे लिहिले, सर," एवढंच म्हणाली.

परतीच्या गाडीत सर खिडकीशी बसून बोलत होते, "दोनच डावरे होते ना. दमली पोरं. पुढच्या वर्षी तिसरा शोधू." शेजारच्या सीटवर अल्पेश कोपराला बर्फाची पिशवी लावून बसला होता. गावात सरांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, जिल्हा प्रथमच चौथा. चौथ्याला दाखला नसतो, हे भाषणात कुणी म्हणालं नाही.

घरी धर्माने पोराला विचारलं, "आता काय?" मग स्वतःच म्हणाला, "चल, डंपरवर बस." तोही प्रयोग झाला. गिअर डाव्या हाताने टाकावा लागतो. पहिल्या चढाला अल्पेशने दात आवळले, दुसऱ्या चढाला धर्माने गाडी बाजूला घेतली आणि पोराला खाली उतरवलं. नाक्यावर मात्र धर्मा आता म्हणतो, "मी पयलेच सांगितलेलं, खेलून काय व्हतंय."

अल्पेशच्या पिशवीतून घरी आलेला मी सध्या ठमीबाईच्या स्वयंपाकघरात खिळ्याला असतो. गरम टोप उतरवायला तिला फडक्यापेक्षा मी बरा वाटतो. ती उजव्या हातात घालते. मी तिला बरोबर बसतो. एवढा आटापिटा करून मी शेवटी एका उजव्या बाईच्या कामाला आलो.

गेल्या आठवड्यात बाळाजी सर आले होते. ओट्यावर बसून चहा घेतला, अल्पेशच्या हाताकडे न बघता त्याची चौकशी केली, आणि मग मुद्द्यावर आले.

"ठमीबाई, तो ग्लोव्ह द्या. नवा डावरा मिळालाय. हात बघाल तर...!"

"कसा मिलला? लिंबू मारून?"

"हो, हो," सर हसले.

ठमीबाईने मला खिळ्यावरून काढलं, हातात घातलं आणि चुलीवरचा कालवणाचा टोप माझ्याने उचलून त्यांच्यासमोर नेऊन ठेवला. "ह्याला आता बोंबलाचा वास मारतो, सर. नवीन पोराला सोसायचा न्हाय."

सर गेले. पण ते पुन्हा येतील. म्हणून जाता जाता एक मागणं आहे. घरात डावखुरं पोर असेल तर त्याला डाव्या हाताने जेवू द्या, लिहू द्या, कावळे हाकू द्या. आणि कुणी मोठा माणूस 'तुझा हात फार मोलाचा आहे' म्हणत आला, तर आधी विचारा, त्याच्या ग्राउंडवर खाडी कुठल्या बाजूला आहे.

अल्पेशचा डावा कोपर आता पूर्ण सरळ होत नाही. त्याने भरतीचा फॉर्म साध्या जागेवर भरला. मैदानी परीक्षेत गोळा त्याने उजव्या हाताने फेकला. साडेचारच मीटर गेला. यादीत नाव आलं नाही.