चोर सापडेपर्यंत खणा

थोरलीनं धाकट्या जावेची पेटी भर अंगणात उपडी केली. कपडे, आरसा, सुईदोऱ्याची डबी, सगळं मातीत पडलं. कुंपणापलीकडून लोहारीण आणि गवळीण माना उंच करून बघत राहिल्या. कणगीतून कमी होत चाललेल्या धान्याचा एक दाणा पेटीतून निघाला नाही.

"नसेलच," थोरली म्हणाली. "चोर काय माल घरात ठेवून वाट बघतोय? विकलं असेल गिरणीवाल्याला."

"जाऊबाई, मी कणगीला हात लावला असेल तर हात झडून जाईल माझा."

"हात कुठं झडतोय? धान्यच झडतंय तेवढं."

सासू पायरीवर बसून होती. ती म्हणाली, "उद्या तुझ्या भावाला निरोप धाडते. चार दिवस जाऊन राहा माहेरी. मग कळेल धान्य कुणाच्या पायानं चालतंय ते." चार दिवस म्हणजे किती, ते धाकटीला पक्कं ठाऊक होतं. चोरीचा आळ घेऊन गेलेल्या सुनेला परत आणायला कुणी जात नाही. नवरा तिथंच उभा होता, पण त्याचं तोंड फक्त जेवायला उघडायचं.

तसं त्या घरात खाणाऱ्या तोंडांना तोटा नव्हता. पिठात अळ्यांची जाळी, डाळीत टोके, पलंगाच्या सांध्यात ढेकूण, चुलीमागं झुरळं आणि दाराच्या चौकटीला वाळवी. सगळ्यांचं खापर धाकटीच्याच डोक्यावर फुटायचं. डाळ किडली, तर हिनं ऊन दाखवलं नाही. अंग खाजलं, तर हिच्या माहेरच्या गोधडीतून ढेकूण आले. ती मुकाट ऐकून घ्यायची. पण कीड झाडता येते, चोर हे नाव झाडता येत नाही. कपडे झटकून पेटीत भरताना तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता, नुसता राग होता.

सकाळी ती कोठीत गेली. दोन्ही भावांची मिळून कणगी एकच, मातीच्या जमिनीवर ठेवलेली. झाकण काढून तिनं आत पाहिलं, तर धान्य मधोमध खचून खळगा पडला होता. माणूस धान्य काढतो ते हात पोचतो तिथून, कडेनं. हे तर खालून गळत होतं. ती परसात गेली. मोरीमागं ताज्या मातीचा भुसभुशीत ढिगारा होता आणि शेजारी लेंड्या, उंदराच्या असतात त्यापेक्षा चांगल्या मोठ्या. घुशीचं काम, दुसऱ्या कुणाचं नव्हे.

हे सासूच्या कानात सांगितलं असतं तरी भागलं असतं. भलं माणूस तसंच करतं. धाकटीला त्या दिवशी भलं व्हायचं नव्हतं. अब्रू अंगणात गेली होती, ती कोठीतल्या अंधारात परत घेऊन काय करायची? ती कुंपणाशी गेली, लोहारणीला आणि गवळणीला हाका मारून आत बोलावलं, आणि मग नवऱ्याला आणि थोरल्या दिराला पहार आणायला सांगितली.

धान्य पोत्यांत उपसून कणगी बाजूला सरकवली. बुडाला हात जाईल एवढं भोक, आणि खाली बीळ.

"अगं बाई, घूस म्हणायची," सासू पुटपुटली.

"एवढ्याशा भोकातून एवढं धान्य जातं होय?" थोरलीनं नाक मुरडलं. "डोंगर पोखरून उंदीर काढतेय नुसता."

"डोंगर कशाला, तुमची खोली पोखरायला लागेल, जाऊबाई. बीळ तिकडंच गेलंय."

थोरलीच्या खोलीला नवीकोरी फरशी होती. आल्यागेल्याला ती कौतुकानं दाखवायची. थोरल्या दिरानं पहिली फरशी उचकटली, आणि खाली मूठभर धान्य निघालं.

"बास झालं," सासू म्हणाली. "कळलं सगळ्यांना."

"धान्य सापडलं, चोर कुठं सापडलाय?" धाकटी दारातून म्हणाली. "माझी पेटी उपडी करताना अर्ध्यावर कुणी थांबलं नव्हतं. चोर सापडेपर्यंत खणा, भावजी."

"बरोबर बोलतेय ती," लोहारणीनं री ओढली. चारचौघींसमोर थोरल्याला नाही म्हणता येईना. फरशीमागून फरशी फुटत गेली. प्रत्येक आवाजाला थोरली डोळे मिटून घ्यायची आणि धाकटीच्या काळजाला थंडावा मिळायचा. तिनं तो लपवलाही नाही.

भिंतीपाशी थोरल्यानं बिळात हात घातला. "वळलंय हे," तो म्हणाला. "भिंतीखालून पलीकडं गेलंय."

पलीकडं धाकटीची खोली होती. थोरलीला जोर चढला. "म्हणजे धान्य हिच्याच पलंगाखाली. मी काय वेगळं सांगत होते?"

गवळीण धाकटीकडं संशयानं बघायला लागली. नवऱ्यानं तेवढ्यात तोंड उघडलं, तेही भलत्या वेळी. "राहू दे आता. घूस गेली असेल कधीच."

बीळ असंच बुजवलं असतं, तर थोरली जन्मभर त्या पलंगाकडं बोट दाखवत बसली असती. धाकटीनं नवऱ्याला पलंग ओढायला लावलं, दिराच्या हातातली पहार घेतली आणि आपली चोपून गुळगुळीत केलेली जमीन स्वतः फोडली. ढेकळं निघाली, चिंध्या निघाल्या, मग धान्याचा ढीग. ढिगामागं कोपऱ्यात अंग चोरून बसलेली घूस दात विचकत फुसफुसत होती. थोरल्यानं कुदळ उचलली.

"थांबा भावजी. जाऊबाईंना पुढं येऊ द्या."

थोरली आली. न येऊन सांगते कुणाला.

"ही कोण, तेवढं सांगा."

थोरलीनं सासूकडं बघितलं. सासू भिंतीकडं बघत होती.

"ही चोर," थोरली पुटपुटली.

"लोहारणीला ऐकू गेलं नाही."

"ही चोर," थोरली मोठ्यानं म्हणाली.

"आणि मी?"

"तू नाहीस."

मग घुशीवर कुदळ पडली.

दिवस कलेपर्यंत धाकटीनं आपल्या खोलीतला खड्डा बुजवून चोपून काढला. भिंतीपलीकडं थोरली फरशीचे तुकडे एकटीच गोळा करत होती.

"जा गं, तिला जरा हात लाव," सासू दारात येऊन म्हणाली. आवाजात हुकूम नव्हता, विनवणी होती.

"दमलेय मी, आई," धाकटी म्हणाली. ती भिंतीला पाठ लावून बसली, आणि पलीकडचा शेवटचा तुकडा उचलला जाईपर्यंत ऐकत राहिली.