उलट्या हाताची तुरपाई

"हलू नकोस, टाचणी लागेल," मी म्हणाले. तोंडात चार टाचण्या होत्या, त्यामुळे तिला ते नीट ऐकूही गेलं नसेल. धाकटी बहीण लग्नाचा ड्रेस घालून स्टुलावर उभी होती आणि मी खाली बसून घेराची उंची धरत होते. लग्न चार दिवसांवर आलं होतं.

"ताई, किती वेळ? पाय भरून आले."

"लग्न तुझं आहे की माझं? उभी राहा."

बायकांचे कपडे शिवण्यात माझी एकवीस वर्षं गेली. आई गेली तेव्हा धाकटी नऊ वर्षांची होती. तिला मीच वाढवलं, शिवणही मीच शिकवलं. ती डावखुरी. हात बदल म्हणून मी कधी तिच्या मागे लागले नाही, त्यामुळे तिच्या तुरपाईचे टाके आजही उलट्या बाजूला कलतात. गिऱ्हाइकांना ते दिसत नाही. मला दिसतं.

त्या सकाळी मी नवऱ्याची पँट धुवायला घेतली होती. तो दोन दिवस कामासाठी परगावी जाऊन आला होता. निघताना उजव्या पायाची तुरपाई उसवलेली होती. आल्यावर घालून देते, असं मीच म्हणाले होते. आता ती घातलेली होती. बारीक, सुबक, आणि टाके उलटे कललेले. त्याच दोन दिवसांत धाकटी मैत्रिणीला आमंत्रण द्यायला म्हणून मुक्कामी गेली होती. मी पँट बादलीत टाकली आणि दुकान उघडलं. दुसरं काय करणार होते?

मी तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"दाजींच्या पँटला तुरपाई तू घातलीस."

तिच्या पायाखालचं स्टूल हललं.

"कधीपासून?"

"ताई..."

"कधीपासून, ते विचारतेय."

"सहा महिने झाले. थांबवायचं होतं गं. म्हणूनच लग्नाला हो म्हटलं."

मला हसूच आलं. नवऱ्या मुलाचं औषधांचं दुकान होतं. "वा! म्हणजे त्या बिचाऱ्यालाच औषध म्हणून घेतलंस."

ती रडायला लागली. तिच्या एक थोबाडीत द्यावी असं वाटत होतं आणि तिचे डोळे पुसावेत असंही वाटत होतं. लहानपणापासूनची सवय. दोन्हीतलं काही केलं नाही.

"तू म्हणशील तर मोडते लग्न."

"मी कोण म्हणणार? त्याला सांग. लग्नाआधी. मग तो काय ते ठरवेल."

"आणि दाजी?"

"त्याचं मी बघते."

घेर पुरा केला. संध्याकाळी नवऱ्याला विचारलं. त्यानं आधी कानांवर हात ठेवले, मग मान खाली घातली, मग म्हणाला, "लग्नघरात तमाशा नको." तमाशा म्हणे त्याला नको होता!

"तू लग्नाला यायचं नाहीस," मी म्हणाले. "कोणी विचारलं तर ताप आलाय म्हणून सांगेन."

धाकटीनं सांगितलं की नाही, ते मी विचारलं नाही. लग्न होतंय म्हणजे सांगितलं नसणार, असं धरून चालले.

ड्रेस तिला सुरेख बसला होता. जो तो विचारत होता, कोणी शिवला? आणि मिस्टर दिसत नाहीत तुमचे? "तापानं फणफणलेत," मी सतरा जणांना सांगितलं. सतरा जणांनी सतरा उपाय सुचवले.

फोटो चालू असताना नवरदेव स्टेजवरून उतरला आणि थेट माझ्याकडे आला.

"दाजींना ताप नाहीये ना, ताई?" तो हळूच म्हणाला.

मी स्टेजवर धाकटीकडे बघितलं.

"तिनं परवा सगळं सांगितलं. दोन दिवस दुकान उघडलं नाही मी. आज आलोय खरा. पुढं कसं जमेल, माहीत नाही." तो थोडा थांबला. "तुम्ही कशा आहात?"

चार दिवसांत हे मला कोणीच विचारलं नव्हतं. बरी आहे म्हणायला मी तोंड उघडलं, आणि रडूच आलं. आवरता आवरेना.

फोटोवाला स्टेजवरून हाका मारत होता, "नवरदेव, अहो नवरदेव!" धाकटी वर एकटीच उभी राहून आमच्याकडे बघत होती. त्यानं एक रिकामी खुर्ची ओढली, माझ्या शेजारी बसला आणि माझं रडू थांबेपर्यंत उठला नाही.