थोरल्याचा आड, धाकट्याची विहीर

वाटणी झाली तेव्हा थोरल्या मानसिंगच्या वाट्याला आड आला आणि धाकट्या नाथाजीच्या वाट्याला विहीर. आई दोघांना अर्धी अर्धी. चंद्राबाई सहा महिने एका चुलीवर जेवायच्या, सहा महिने दुसऱ्या, आणि कुठल्याही सुनेची भाकरी करपली तरी "मला अशीच ग्वाड लागती" म्हणायच्या.

आष्ट्याच्या अलीकडे आमची चार-पाच घरांची वस्ती. मानसिंग फौजेतून पेन्शनीवर आला आणि त्यानं आडाच्या शेजारी पोल्ट्री घातली. पांढऱ्याशुभ्र कोंबड्या, पत्र्याची शेड, रात्रंदिवस दिवा. माणसं बघायला यायची. "परेड शिकवलीस काय रं ह्यांस्नी?" असं कुणी विचारलं, की मानसिंग मिशीत हसायचा.

बहात्तरच्या दुष्काळात आड ठणठणीत आटला. त्यातच उन्हानं कोंबड्या पटापट मरायला लागल्या. ऊस कुणाच्याच रानात नव्हता, तेव्हा कोंबडखत तरी कोण नेणार? मानसिंगनं खत आणि मेलेल्या कोंबड्या आडात लोटल्या. आयता खड्डा! कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही. एकदा तर नाथाजीनंही भावाला पाट्या उचलायला हात दिला. पाणी परत येईल असं त्या साली कुणाला वाटतच नव्हतं.

पुढच्या साली पाणी आलं. विहिरी भरल्या, बायकांनी हळद-कुंकू वाहिलं. आडातही पाणी चढलं, खालून, त्या सगळ्या घाणीतून. वरनं वाटणी झाली तरी खालचे झरे एकच होते. नाथाजीच्या विहिरीला वास यायला लागला, आणि त्याची पोरं हगवणीनं आडवी झाली.

"दादा, आड उपसा तुमचा," नाथाजी बांधावरनं म्हणाला.

"तुज्या हिरीत बेडूक मेला आसंल."

"बेडकाला पिसं फुटली काय? बारडीत पिसं येत्यात."

मानसिंगनं तोंड फिरवलं. खत तो आडातच टाकत राहिला, कारण ऊस अजून कुणी लावला नव्हता आणि दुसरी जागा नव्हती. त्याचं उरलेलं रान म्हणजे ओढ्याकाठची चिंचोळी पट्टी.

शेवटी नाथाजीनं पंचायतीत विषय नेला. विहिरीजवळ, ओढ्यात, आडात पोल्ट्रीची घाण टाकायची नाही, असा नियम करा म्हणाला. आष्ट्याच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. नियम झाला तर मानसिंगची पोल्ट्री बंद, हे उघड होतं. आणि नाही झाला, तर इस्लामपूरच्या कोर्टात भेटू, असं नाथाजी चारचौघांत बोलून बसला होता.

त्या एका शब्दानं चंद्राबाईंची झोप गेली. त्यांच्या मालकांचं आणि दिरांचं कोर्ट त्यांनी पाहिलं होतं. दीर वारले तेव्हा मालक सख्ख्या भावाला खांदा द्यायला गेले नाहीत. लांब बांधावर उभं राहून धूर बघत राहिले. तो उभा माणूस चंद्राबाई कधी विसरल्या नाहीत.

बैठक चावडीत होती. आम्ही बायका ओट्याखाली उभ्या होतो. सरपंच दादासो विषय वाचत होते, तेवढ्यात चंद्राबाई पदर सावरत चावडीत शिरल्या. हातात तांब्या.

"आवं काकी, तुमी कशाला आलासा?" दादासोंनी विचारलं.

"पानी प्यायला," त्या म्हणाल्या. "नाथाच्या हिरीचं हाय. आत्ताच काडलंय."

आणि उभ्या उभ्या सगळा तांब्या प्यायल्या. हनुवटीवरनं ओघळ पदराला पुसला.

"माज्या लेकानं पानी नासवलं म्हनतासा न्हवं? ग्वाड हाय. आता घरला जावा समदी."

पाणी वाईट म्हणावं तर म्हातारीला खोटं पाडल्यासारखं. नाथाजी खाली मान घालून उठला. दादासोंनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. बाहेर आल्यावर चंद्राबाई माझ्याकडे बघून हळूच हसल्या. लाडू चोरलेली पोरगी हसते तशा.

पण एकदा प्यायलेलं पाणी रोज प्यावं लागतं. नाही तर लोक काय म्हणतील? तेव्हा त्या मानसिंगकडं राहत होत्या. सकाळी नाथाजीच्या विहिरीवर जाऊन, सगळ्यांच्या देखत कळशी भरायच्या. शालूबाई, नाथाजीची बायको, काठावरनं ओरडायची, "आत्या, नगा वं! मी लांबनं आनून देती."

"तुजं तू पी," चंद्राबाई म्हणायच्या.

दिवाळीनंतर त्या वाळत गेल्या. पोट बिघडलंय हे त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. परसाकडला जाताना वस्तीतल्या बायकांना चुकवायच्या. कळलं तेव्हा अंगात उरलं नव्हतं काही. डॉक्टर येऊन सलाईन लावून गेले, सांगलीला न्या म्हणाले. चंद्राबाईंनी मानेनंच नाही म्हटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटची घोरणी लागली. नाथाजी आला. किती दिवसांनी त्यानं भावाचा उंबरा ओलांडला होता. शेजारच्या रंगुबाई म्हणाल्या, "लेकांनो, आता तोंडात पानी घाला आईच्या. थोरल्यानं आधी."

कुणी तरी तांब्या पुढं केला. मानसिंगनं पळी बुडवली आणि हात मध्येच थांबला.

"कुटलं हाय ह्ये?"

"कुटलं म्हंजी? नाथाच्या हिरीचं की."

मानसिंगनं पळी परत तांब्यात ठेवली. तांब्या जमिनीवर ठेवला, लांब सरकवला.

"ह्यातलं नगं," तो म्हणाला. "आईच्या तोंडात ह्ये नगं."

नाथाजीनं मान वर केली नाही. जिंकलेला माणूस असा दिसत नाही.

मग दारातनं विजयमाला, मानसिंगची बायको, म्हणाली, "थांबा. आत हाय चांगलं."

"चांगलं?"

"लांब मळवीच्या रानातल्या हिरीचं. अंधारात जाऊन आनती. पोरांस्नी त्येच पाजती मी. तुमास्नीबी. पावसाळ्यापासनं."

मानसिंग तिच्याकडं वळला. "आन् आईला?"

"आत्या घेत न्हवत्या," ती म्हणाली. "म्हनायच्या, कुनी बघितलं तर माज्या लेकाची पोल्ट्री जाईल."

ती आत धावली. कळशीवरचं टोपलं पडल्याचा आवाज आला. पाणी येईपर्यंत घोरणी थांबली होती. मानसिंगनं पळी ओठाला लावली, मग नाथाजीनं लावली. पाणी आत गेलंच नाही. ओठाच्या कोपऱ्यातनं मानेवर उतरलं. शालूबाईनं ते पदरानं टिपलं.

पुढच्या बैठकीत दादासोंनी विचारलं, कुणाला काही बोलायचंय का. मानसिंगनं हात वर केला. लोकांना वाटलं, आता भांडणार. तो एवढंच म्हणाला, "माज्यापासनं लावा." नियम झाला.

आड उपसायला गडी कुणी येईना, वासच तसा होता. मानसिंग स्वतः नाकाला फडकं बांधून खाली उतरला. वर रहाटावर विजयमाला एकटी दोर ओढत होती. थोड्या वेळानं नाथाजी बांध ओलांडून आला आणि तिच्या हातातला दोर त्यानं घेतला. पाटीमागनं पाटी वर यायला लागली. चिखल, कुजका भुसा, पिसं.

उन्हं उतरली तेव्हा नाथाजी आडात वाकला.

"दादा, दमलासा. वर या आता."

"न्हाई," खालनं आवाज आला. "आजून लय हाय."